आमेनच्या अलीकडची बाई

रश्श्यावरचा तवंग गोठून त्याची पांढरी कातडी झाली, तरी बाबांचं आमेन काही येईना.

रविवार होता. चर्च सुटल्यावर आम्ही तिघं जेवायला बसलो होतो. बाबा, मी आणि माझी बायको. पोरी लग्न होऊन गेलेल्या, आई जाऊन सहा वर्षं झालेली. घरात महिन्यातून एकदा मटण व्हायचं आणि ते नेमकं त्या दिवशी होतं. बाबांचे डोळे मिटलेले, हात जोडलेले. माझा एक डोळा मिटलेला होता. दुसऱ्यानं मी वाटीतल्या नळीकडे बघत होतो, आणि ती नळी माझ्याकडे.

"पेरणाऱ्या हातांबद्दल, खुडणाऱ्या हातांबद्दल, दळणाऱ्या, रांधणाऱ्या सूनबाईबद्दल, हे प्रभू, आम्ही तुझे उपकार मानतो," बाबा म्हणत होते. "आणि चिंचेखालच्या त्या..."

थांबले.

"चिंचेखालच्या त्या..."

बायकोनं डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. बाबांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. पेरणारे आले, खुडणारे आले, सूनबाई आली, चिंच आली, आणि चिंचेपाशी गाडी पुन्हा पंक्चर. असं पाच वेळा झालं. सहाव्या वेळी बाबांनी डोळे उघडले, ताटाकडे पाहिलं, ताट हातानं जरा लांब सारलं आणि भिंतीला धरून उठले.

"काय झालं, बाबा?"

"नाव गेलं," बाबा म्हणाले आणि खाटेवर जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले.

आता माझी ओळख सांगतो, म्हणजे पुढचं किती खरं मानायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी शलमोन आढाव. नाव शहाण्या राजाचं आणि धंदा एसटीच्या कंडक्टरचा. एका पावसाळ्यात ओढ्याच्या पुरात आमची गाडी अडकली, तेव्हा मी दोरी ओढून ओढून अशी घंटी वाजवली की पाणी घाबरून दोन हात मागं सरलं. ही गोष्ट मी अजून सांगतो. त्यामुळे आमच्या मंडळीत माझ्या बोलण्यातून निम्मं वजा करून ऐकायची पद्धत पडली होती.

बाबा याच्या उलट. हरिबा उपदेशक. तीस वर्षं पायी गावोगाव फिरून त्यांनी शुभवर्तमान सांगितलं, आणि कोणी म्हणेना की हरिबा एक शब्द खोटा बोलला. उपकार मानल्याशिवाय पोटात गेलेला घास चोरीचा, असं त्यांचं म्हणणं. प्रार्थना ज्यानं सुरू केली त्यानंच ती पुरी करायची, मध्ये कोणी बोलायचं नाही, आमेनच्या आधी कोणी ताटाला हात लावायचा नाही. एकदा एका पाहुण्यानं आमेनच्या आधी कांदा उचलला. बाबांनी त्याला तो परत ठेवायला लावला आणि प्रार्थना पहिल्यापासून घेतली.

त्या वर्षी ते विसरायला लागले होते. वार विसरायचे, चपला विसरायचे, कधी बायकोकडे पाहुण्या बाईकडे बघावं तसं बघायचे आणि मग ओशाळून हसायचे. पण ती प्रार्थना पाठ होती, दुष्काळात चिंचेखाली त्यांना भाकरी देणाऱ्या बाईच्या नावासकट. त्यातलं काही जाईल असं आम्हाला वाटलं नव्हतं.

सोमवारी तेच झालं. मंगळवारीही तेच. बाबा ताटावर बसायचे, चिंचेपर्यंत यायचे आणि उपाशी उठायचे.

चालू होता तो फक्त चहा. चहाला प्रार्थना लागत नाही, हा आमच्या मंडळीतला जुना आणि सोयीचा सिद्धांत. बायकोनं त्याचा फायदा घेतला. चहात पाण्याऐवजी दूध घातलं, दुधात बिस्किटं कुस्करली. बाबांनी एक घोट घेतला, जरा वेळ तोंड हलवलं आणि कप खाली ठेवला.

"सूनबाई, हा चहा चावावा लागतोय."

"बाबा, थोडं पोटात जाऊ द्या ना."

"चहा कर. जेवणाला चहाचा झगा घालून पाठवू नकोस."

बुधवारी डॉक्टर येऊन गेले. सलाईन लावलं, डोळे पाहिले, मला बाहेर बोलावून म्हणाले, "ब्याऐंशी वय आहे. बाटलीवर किती दिवस काढणार? अन्न पोटात गेलं पाहिजे. काय आवडतं ते द्या."

"आवडीचा प्रश्न नाही, डॉक्टर. एका बाईचं नाव आठवत नाही."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. माझी कीर्ती त्यांच्यापर्यंत पोचलेली होती. निम्मं वजा करून ते निघून गेले.

संध्याकाळी पाळकसाहेब आले. तरुण माणूस, नुकतीच आमच्या मंडळीवर नेमणूक झालेली. म्हणाले, "उपदेशक, आज मी प्रार्थना करतो. तुम्ही फक्त जेवा."

बाबांना आनंद झाला. पाळकसाहेबांनी छोटी, नीटनेटकी प्रार्थना केली. आमेन झालं. बायकोनं साहेबांनाही वाढलं, बाबांची भाकरी मोडून दूध घातलं. बाबा म्हणाले, "छान झाली. तुमचे उपकार तुम्ही मानलेत, साहेब. आता माझे मला मानू द्या." आणि डोळे मिटून सुरू झाले. पेरणारे. खुडणारे. सूनबाई. चिंच.

पाळकसाहेब अर्धा तास डोळे मिटून बसले. मग हळूच एक डोळा उघडून त्यांनी मला विचारलं, "आता?"

"आता काही नाही, साहेब. तुमची भाकरी मात्र गार झाली."

ते गेल्यावर बायको चुलीपाशी बसून मला म्हणाली, "तुम्ही जन्मापासून ऐकताय ना हो ती प्रार्थना? सकाळची न्याहारी धरली तर दिवसातून तीनदा. एक नाव लक्षात राहिलं नाही?"

"तूही बावीस वर्षं ऐकतेस."

"मी तव्यावरची भाकरी करपतेय का ते बघत असायचे."

"आणि मी कुणाच्या वाटीत किती फोडी आल्या ते."

बाबा रोज आमच्या डोक्यावरून ते नाव देवाकडे पाठवत होते, आणि आमच्यापैकी एकाचाही कान जागेवर नव्हता. पुण्याच्या बहिणीला फोन लावला. ती रडायलाच लागली. म्हणाली, "दादा, मी तर त्या वेळी तुझ्या वाटीतली फोड कशी काढून घ्यायची याचाच विचार करायचे. काहीतरी साधंच नाव होतं. दोन अक्षरी की तीन अक्षरी, तेही सांगता येत नाही."

मग मी माझ्या धंद्यातली हत्यारं काढली. गुरुवारी खाटेच्या कडेला बसलो आणि थांबे पुकारावेत तसं एकेक नाव पुकारत गेलो. सोना? नाही. गया? नाही. रखमा, भागू, ठकू, चंद्रभागा? बाबा प्रत्येक नावाला मान हलवत होते. आढावांच्या, गायकवाडांच्या, साळव्यांच्या घरातल्या सगळ्या म्हाताऱ्या संपल्या, तेव्हा मी पूर्ण तयारीची थाप काढली.

"बाबा, सापडली ती बाई! काल शेवगावच्या गाडीत एक म्हातारी चढली. डोक्याला पांढरा पदर, हातात काठी. मला म्हणाली, तू हरिबाचा का रे? मी म्हटलं, हो. तर म्हणाली, त्याला चिंचेखाली मी भाकरी दिली होती, माझं नाव राजस. आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी! अख्खी गाडी रडली, बाबा. ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेतली."

बाबा मन लावून ऐकत होते. कितीतरी दिवसांनी त्यांच्या तोंडावर रंग आला होता.

"किती वाजताची गाडी?"

"साडेअकराची."

"काल बुधवार. काल डॉक्टर आले तेव्हा साडेअकरा वाजले होते, आणि तू माझ्या उशाशी सलाईनची बाटली धरून उभा होतास."

वार विसरणारा माणूस. कुठली गोष्ट नेमकी शाबूत राहील, काही सांगता येत नाही.

"गोष्ट चांगली होती," बाबा म्हणाले. "ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेतली, ते फार आवडलं. पण नाव खोटं आहे."

शुक्रवारी त्यांना उठून बसताना आधार लागला. हात हातात घेतला तर नुसत्या काड्या. मी रजा टाकली आणि मुंगसवाडीची गाडी पकडली. बाबांची पहिली नेमणूक तिकडची, आणि चिंचेची गोष्ट त्या दिवसांतली, एवढंच मला ठाऊक होतं. आमच्याकडून दीड तासाचा रस्ता.

चिंच नव्हतीच. तिच्या जागी पिठाची गिरणी झाली होती. गिरणीसमोर एक म्हातारी सुपात शेंगा घेऊन निवडत बसली होती. गावातली सगळ्यात जुनी तीच, असं गिरणीवाल्यानं सांगितलं. मी तिच्यासमोर उकिडवा बसलो आणि सगळं सांगितलं. पन्नास वर्षांपूर्वीचा दुष्काळ, चिंच, भुकेला उपदेशक, भाकरी देणारी बाई. या वेळी पदरचं काही घातलं नाही.

म्हातारी हसली. तोंडात एक दात होता, तोही हसला.

"अरं बाबा, त्या दुष्काळात कोण कुणाला भाकर देतंय? आम्ही रानातल्या बरबड्याच्या गवताचं बी दळून खाल्लं."

"दिली होती, आजी. माझा बाप खोटं बोलत नाही."

"मंग दिली असंल. पर सासूपासनं चोरून दिली असंल. कुणाची तरी सून असंल ती." शेंग फोडून तिनं दाणे सुपात टाकले. "आन चोरून देणारी नाव सांगंल व्हय? सासूच्या कानावर गेलं तर पाठीची सालटी निघत्याल."

"तरी कुणाला ठाऊक असेल का?"

"आमाला नाव कुठं होतं रं? ह्याची बायकू, त्याची आय. माझ्या नवऱ्यानं मरंस्तवर मला 'आगं ए' म्हटलं." ती पुन्हा हसली. "लई लांबून आलास. उपाशी जाऊ नगं." तिनं माझा रुमाल मागितला, त्यात दोन ओंजळी शेंगा बांधल्या आणि माझ्या हातात ठेवल्या.

परतीच्या गाडीत मी त्या खाल्ल्या. आमच्या थांब्याआधी शेवटची शेंग फोडताना माझ्या लक्षात आलं की त्या म्हातारीला मी नाव विचारलंच नाही. गाडीतून उडी मारून परत पळत जावंसं वाटलं. पण गाडी थांबेपर्यंत रुमाल झटकून झाला होता.

घरी पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. बायको स्वयंपाकघरात भाकरी थापत होती, थापण्याचा आवाज बाहेर येत होता. बाबा खाटेवर उशीला टेकून बसले होते. माझी वाट बघत असावेत.

"सापडली?"

रस्त्यात मी एक गोष्ट जुळवत आणली होती. चांगली होती. गिरणी होती, एक दाताची म्हातारी होती, शेवटाला एक नावही होतं. तोंड उघडलं आणि ती गोष्ट कुठं गेली कोण जाणे.

"नाही, बाबा."

"विचारलंस नीट?"

"विचारलं. कुणालाच ठाऊक नाही."

बाबांनी मान हलवली. त्यांना धक्का वगैरे काही बसला नाही.

"कसं असेल? मलाच ठाऊक नव्हतं."

"काय ठाऊक नव्हतं?"

"तिचं नाव." बाबा माझ्याकडे बघत नव्हते, स्वतःच्या तळहाताकडे बघत होते. "तीन दिवसांचा उपाशी होतो. गावात आम्हाला कोण थारा देणार? चिंचेखाली पडलो होतो. ती आली. डोक्यावर गोवऱ्यांची पाटी. पाटी उतरवली, गोवऱ्यांखालून फडकं काढलं, फडक्यात भाकरी. अर्धी मोडली. मी ओंजळ खाली धरली. मला वाटलं वरून टाकेल. आम्हाला वरूनच टाकायचे. पाणी वरून, भाकरी वरून."

"मग?"

"तिनं टाकली नाही रे. वाकली आणि हातावर ठेवली. तिची बोटं लागली माझ्या हाताला."

भाकरी थापण्याचा आवाज थांबला होता.

"मी खाल्ली. प्रार्थनासुद्धा केली नाही. उपदेशक मी, आणि कुत्र्यासारखी खाल्ली. वर बघितलं तोवर ती बांधावरून निघून गेली होती. नाव विचारायला तोंड रिकामं हवं ना? माझं भरलेलं होतं."

"पण बाबा, रोज प्रार्थनेत नाव घ्यायचात ते?"

"ते मीच ठेवलेलं." बाबा जरा हसले. "रोज देवाला 'एक बाई, एक बाई' काय सांगायचं? तो विचारणार, कोणती? माझ्याकडे उत्तर नाही. म्हणून एक नाव देऊन टाकलं. पन्नास वर्षं, शलमोन, दिवसातून तीनदा, प्रत्यक्ष देवापुढं थाप मारली. तुला काय वाटलं, हा गुण तुला तुझ्या आईकडून आला?"

माझ्या आयुष्यात एवढी मोठी थाप मी ऐकली नव्हती. मारणं तर दूरच.

"आता ती थापही हरवली," ते म्हणाले. "बाई आधीच हरवलेली. देवापुढं जाऊन मी उभा राहीन तेव्हा ती तिथं असेल बघ. आणि मला हाक मारता येणार नाही."

"मग 'एक बाई' म्हणा ना, बाबा. देवाला सगळं ठाऊक असतं."

"त्याला असतं. मला नको का ठाऊक असायला?"

मी त्यांच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं. ते सारखंच होतं.

बायको भाकरी घेऊन बाहेर आली. गरम, पापुद्रा फुगलेली बाजरीची भाकरी, नुसती हातात. ताट आणलं नव्हतं. ताटावर बसण्याची ताकद त्यांच्यात राहिली नव्हती म्हणून आणलं नसेल, की थापणं थांबवून ती दाराआड ऐकत होती म्हणून, ते मी तिला कधी विचारलं नाही. तिनं भाकरी मोडली, वाकली आणि अर्धी भाकरी बाबांच्या तळहातावर ठेवली.

बाबा भाकरीकडे बघत राहिले. मग त्यांनी मान वर केली. बायकोकडे पाहिलं, पण सूनबाईकडे बघावं तसं नाही. रस्त्यात भेटलेल्या माणसाकडे बघावं तसं.

"बाई," ते म्हणाले, "तुझं नाव काय?"

मी म्हणणार होतो, बाबा, अहो ही आपली... बायकोनं हातानंच मला गप्प केलं. डोक्यावरून पदर घेतला.

"केसर."

"काय?"

"केसर."

"केसर," बाबांनी म्हणून पाहिलं. मग पुन्हा म्हणून पाहिलं. मग भाकरी ओंजळीत तशीच धरून त्यांनी डोळे मिटले.

"पेरणाऱ्या हातांबद्दल, हे प्रभू, खुडणाऱ्या हातांबद्दल, आणि केसर नावाच्या या बाईबद्दल, जिनं मला उपाशी जाऊ दिलं नाही, मी तुझे उपकार मानतो. आमेन."

त्या दिवशी पहिल्यांदा माझे दोन्ही डोळे मिटलेले होते. उघडले तेव्हा बाबा चावत होते.

पाव भाकरी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोनं दूधभाकरी नेली तर बाबांनी विचारलं, "बाई, तुझं नाव काय?" तिनं सांगितलं. दुपारी पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा सांगितलं. त्यानंतर ते चार महिने जगले, आणि प्रत्येक ताटाला तिला नाव सांगावं लागलं. मला मात्र ते शेवटपर्यंत ओळखत होते. शेवटच्या दिवशीसुद्धा म्हणाले, "थापाड्या, गाडी गेली का तुझी?" पण सूनबाई म्हणून त्यांनी तिला पुन्हा हाक मारली नाही.

पहिल्या आठवड्यातली गोष्ट. ती स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून उभी होती. मी विचारलं, "रडतेस?"

"ठरत नाहीये," ती म्हणाली. "बावीस वर्षं या माणसाचं मी केलं आणि तो मला ओळखत नाही. आणि बावीस वर्षांत या घरात पहिल्यांदा कुणी माझं नाव विचारलं." डोळे पुसून ती माझ्याकडे वळली. "खरंच ओळखत नाहीत का हो ते? की मुद्दाम?"

मी एवढा मोठा थापाड्या. ओढ्याचं पाणी मागं सारणारा. पण त्या प्रश्नाला मला खरं उत्तर ठाऊक नव्हतं आणि खोटंही सुचलं नाही. मी तिथं परातीकडे बघत उभा राहिलो, आणि तव्यावरची भाकरी करपली.

याला आता पस्तीस वर्षं झाली. बाबा गेले, मागच्या वर्षी तीही गेली. मी लेकीकडे राहतो. जेवायच्या वेळी प्रार्थना मी करतो. बाबांचीच, थोडी लांबवून. मुंगसवाडीच्या एक दाताच्या म्हातारीपाशी येतो आणि थांबतो. ती चोरून देणारी सून हीच असेल, असा एक संशय मला अधूनमधून येतो, पण तो माझ्या स्वभावाचाही गुण असेल. तिला मी नाव ठेवलं नाही. मग लेक म्हणते, "आमेन म्हणा ना, बाबा, कालवण गार होतंय."

माझ्या बोलण्यातून निम्मं वजा करून ऐकायची पद्धत आहे, यातूनही करा. डॉक्टर, पाळकसाहेब, चावायचा चहा, हवं ते काढून टाका. केसर तेवढी राहू द्या. ती सांगेपर्यंत तुम्हीही तिचं नाव विचारलं नव्हतंत.